कलिलांचा संच: बाटल्या घ्याव्यात, पेटी सोडून द्यावी

भाच्यासाठी बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका दुकानातून 1,150 रुपयांना विज्ञानाचा संच घेतला. अंतराळात कलिले (म्हणजे द्रवात विखुरलेले, साधारण 1 मायक्रॉनपर्यंतचे अतिसूक्ष्म कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कशी वागतात ते घरबसल्या पाहा, असे खोक्यावर छापले आहे. आत पॉलिस्टायरीनचे कण मिसळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, लेझर, फोमची पेटी आणि पुस्तिका आहे.

बाटल्या उत्तम आहेत. 10 मायक्रॉनचे कण (काटेकोरपणे पाहता हे कलिल नव्हे) एका रात्रीत तळाशी बसले, तर 1 मायक्रॉनच्या बाटलीत दोन आठवड्यांनीही वरचे जेमतेम 3 सेंटिमीटर पाणी निवळले होते. व्यास दहापट झाला की बसण्याचा वेग शंभरपट होतो, हे भाच्याला सूत्रावरून ठाऊक होते; खिडकीत शेजारी ठेवलेल्या बाटल्यांनी ते पटले. निवळलेल्या पाण्यात लेझरचा किरण जवळजवळ दिसत नाही आणि खालच्या दुधाळ भागात शिरताच उजळतो, तोच टिंडाल परिणाम, म्हणजे बारीक कणांमुळे प्रकाशाचे विखुरणे.

पेटीत बाटली आणि मोबाइल ठेवून ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून गादीवर सोडायची असते. सुमारे 5 मीटर पडताना वजनरहित अवस्था मिळते ती एक सेकंद, आणि तेवढ्या वेळात 10 मायक्रॉनचा कण एरवीही 3 मायक्रॉनपेक्षा कमीच खाली सरकतो. मग तो थांबला की नाही, हे मोबाइलला काय दिसणार? आमच्या बाटलीचे झाकण तिसऱ्या खेपेला गळले, ते दुकानदाराने विनातक्रार बदलून दिले.

पुस्तिकेत मात्र अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, असे छापले आहे. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानकात ते पृथ्वीवरच्या जवळपास 90 टक्के असते. स्थानक आमच्या पेटीसारखेच पडत असते, फक्त ते पडणे संपत नाही, आणि कलिलांना हवा असतो तो हाच अखंड वेळ. 1995 मध्ये कोलंबिया यानातून नेलेल्या कलिलांपैकी जी पृथ्वीवर वर्षभरातही स्फटिकरूप झाली नव्हती (म्हणजे त्यांचे कण ओळीने नीट रचले गेले नव्हते), ती तिथे दोन आठवड्यांच्या आत झाली, आणि काही नमुन्यांत स्फटिकांना फांद्याही फुटल्या. इथे कण खाली बसत राहतात आणि तशा नाजूक फांद्या टिकत नाहीत. या प्रयोगाचा पुस्तिकेत उल्लेखही नाही.

दुकानदार बाटल्या सुट्या विकत नाही. विकल्या तर आणखी एक जोडी घेईन.