मोठ्या गटाचं वर्ष: पुण्यातल्या एका मराठी बालवाडीचा जून ते मार्च अनुभव

ज्यांची मुलं येत्या जूनमध्ये मोठ्या गटात, म्हणजे सिनिअर केजीत जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमची लेक पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या बालवाडीत होती. मार्चमध्ये वर्ष संपलं, पहिलीचा प्रवेशही झाला, त्यामुळे आता सगळं सलग सांगता येईल. मत आधीच सांगून टाकते: बालवाडी चांगली आहे, वर्ष चांगलं गेलं. पण मूल किती पुढे गेलं हे वहीत शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल. हात बघा, बोलणं बघा आणि परत आलेला डबा बघा.

सगळ्यात आधी वयाचं, कारण वर्षभराच्या निम्म्या काळज्या तिथूनच सुरू होतात. महाराष्ट्रात पहिलीला प्रवेश घेताना ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे मोठ्या गटात जूनमध्ये एकाच सतरंजीवर साडेपाच वर्षांची मुलंही बसतात आणि जेमतेम साडेचारचीही. या वयात वर्षाचं अंतर फार मोठं असतं. आमची नोव्हेंबरची, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहानांपैकी. शेजारी बसणारा मुलगा फेब्रुवारीचा. तो स्वतःचं नाव लिहायचा, बुटाचे बंद बांधायचा, आणि हिला दप्तराची चेन लावता यायची नाही. पालकांच्या ग्रुपवर कुणी आपल्या मुलाच्या वहीचा फोटो टाकला की आधी त्या मुलाची जन्मतारीख आठवा. दिवाळीनंतर हा फरक बराच कमी झाला, पण तोवर लेकीच्या डोळ्यांदेखत तुलना करायची नाही हे आम्ही घरात सगळ्यांना, आजी-आजोबांनासुद्धा, बजावून ठेवलं होतं.

आता वहीचं. आमच्या बालवाडीत दिवाळीपर्यंत वही नव्हतीच. वाळूच्या ताटात बोटाने अक्षर काढणं, पाटीवर खडूने रेघोट्या, चिंचोक्यांनी आकार लावणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, ठसेकाम, हेच चालू होतं. ऑगस्टच्या पालकसभेत यावरून बरीच गरमागरमी झाली. समोरच्या इंग्रजी शाळेतली याच वयाची मुलं वाक्यं लिहितात, आमची अजून रेघा मारतायत, असं एका बाबांनी उभं राहून विचारलं. ताईंनी शांतपणे उत्तर दिलं की अक्षर लिहायला आधी मनगट आणि बोटं तयार लागतात, ती तयार नसताना पेन्सिल दिली तर मूल ती मुठीत धरतं आणि ती सवय पुढे मोडायला त्रास होतो. मला हे पटलं, आणि पटण्याचं कारण घरातच होतं. जुलैत कात्री दिली की ती दोन्ही हातांनी धरायची आणि कागद मी ताणून धरायचा. नवरात्रात एका हातात कागद, दुसऱ्या हातात कात्री असं जमू लागलं. दिवाळीला आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या तिने एकटीने कापल्या. काही जाड, काही बारीक, दोन अर्ध्यातच तुटलेल्या, पण मागच्या दिवाळीला ती त्याच कागदाचे नुसते तुकडे करत होती. अक्षरं त्यानंतर आली, आणि आली ती भराभर आली.

ही पद्धत काही नवीन खूळ नाही, हे पालकसभेत सांगायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती असं आसपास मिळणारं सामान वापरलं. आज पुण्यातल्या बालवाडीत मूल चिंचोके मोजतं त्याची मुळं थेट तिथे आहेत. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरलाय: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मोठ्या गटात जे राहिलं ते पहिली-दुसरीत यायला पूर्ण वाव आहे. मार्चपर्यंत लिहिता-वाचता आलंच पाहिजे ही घाई शाळांच्या जाहिरातींमधून आलेली आहे, मुलांच्या वाढीचा तिच्याशी काही संबंध नाही.

वही आल्यानंतरच्या दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणजे घाबरायला होत नाही. एक, अक्षरं आणि अंक उलटे येतात. देवनागरीत ३ आणि ६ तर एकमेकांचे आरसेच, त्यामुळे लेकीच्या वहीत ३ चा ६ व्हायचा आणि ६ चा ३. घ आणि ध, भ आणि म यांचीही अदलाबदल चालायची. या वयात हे सर्रास होतं आणि बहुतेक मुलांचं आपोआप सुटतं. पहिली-दुसरी संपत आली तरी तसंच राहिलं तर मात्र शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोलावं. दुसरं, पंचवीस. कानावर आधी पाच पडतो आणि मग वीस, म्हणून मूल लिहितं ५२. आमच्याकडे जानेवारीभर हेच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! आता घरात पाच वर्षांचं मूल असताना ती अडचण खरी आहे हे कळतं. ताईंनी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून दिले होते. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. तोंडाने म्हणायचं पंचवीस, मांडायचे आधी गठ्ठे. घरीही तसंच करा, दहा मिनिटं पुरतात. कुरकुरीत आणि रडारडीत घेतलेला अर्ध्या तासाचा गृहपाठ काही कामाचा नाही.

बोलण्यातला फरक मला सगळ्यात मोलाचा वाटला. जूनमध्ये ‘शाळेत काय झालं?’ याला उत्तर ‘काही नाही’. हा प्रश्नच सोडून द्या. ‘आज डब्याच्या वेळी तुझ्या शेजारी कोण होतं?’ असं विचारलं की गाडी सुरू होते. हळूहळू ती घडलेलं क्रमाने सांगू लागली, आधी काय, मग काय, आणि कशामुळे. पाणी सांडलं होतं, एक मुलगा घसरला, मावशींनी फडकं आणलं, ताई चिडल्या नाहीत कारण मुद्दाम कुणी सांडलं नव्हतं, इतकं सगळं एका दमात. मोठ्यांच्या रागामागचं कारण तिला समजायला लागलं, हे मला कुठल्याही मुळाक्षरांपेक्षा मोठं वाटतं. कट्टी-बट्टीही याच वर्षात जोरात असते. सकाळी कायमची कट्टी, दुपारी त्याच मैत्रिणीसाठी डब्यातला लाडू राखून ठेवलेला. यात आपण मध्ये पडू नये. मारामारी, चावणं किंवा रोज एकाच मुलाला वगळणं असं दिसलं तर मात्र थेट ताईंशी बोलावं, त्या मुलाच्या आईला रात्री मेसेज करू नये. आमच्या ग्रुपवर तसं झालं आणि दोन घरं वर्षभर बोलली नाहीत. मुली तिसऱ्या दिवशी एकत्र खेळत होत्या.

डब्याचं वेळापत्रक शाळेनेच दिलं होतं: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, मग थालीपीठ, पोहे, एक दिवस फळं. पाकिटातलं काहीही नाही. सुरुवातीला मटकीची उसळ जशीच्या तशी परत यायची. सप्टेंबरपासून डबा रिकामा, कारण आजूबाजूची पंधरा-वीस मुलं तेच खात असतात. घरात वर्षभर समजावून जे झालं नाही ते पंगतीने केलं. डब्याचं झाकण मात्र दुकानातच मुलाकडून उघडून बघा, अगदी आठवणीने. घट्ट क्लिपचा डबा उघडत नाही, मावशी दुसऱ्या मुलाला शूला घेऊन गेलेल्या असतात, आणि मूल उपाशी घरी येतं. हेच पाण्याच्या बाटलीचं, हेच बुटांचं आणि चड्डीच्या बटणाचं. वेल्क्रो आणि इलॅस्टिक घ्या.

पावसाळ्यात आजारपण येणार हे धरूनच चाला. जुलै ते सप्टेंबर सर्दी-खोकला सतत असतो. त्यातच हाता-पायाला आणि तोंडात फोड येणाऱ्या साथीने अर्धा वर्ग रिकामा झाला. ताप असताना औषध देऊन शाळेत पाठवणारे पालक असतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की असं करू नका. ‘आज खाडा होऊ दे’ म्हणण्याने या वर्षात काहीही बुडत नाही. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा बूस्टर असतो, तो याच वर्षात येतो, तेवढं लसीकरणाचं कार्ड काढून तपासून घ्या.

खरा ताण पडतो तो घरच्या वेळापत्रकावर. बालवाडी तीन तासांची. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं आणि मुलांच्या झोपेसाठी ते उत्तमच झालं. पण नऊला सोडा, बाराला आणा, हे दोघंही नोकरी करणाऱ्या घरात कसं बसवायचं? आमच्याकडे सासूबाई होत्या म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे कुणी नाही त्यांनी शाळेची फी आणि दुपारचं पाळणाघर असा एकत्र हिशेब आधीच करावा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे, त्यामुळे बालवाडीचा खर्च बहुतेक घरांना स्वतःच्या खिशातूनच करावा लागतो. अंगणवाडी मोफत आहे, तिथे खाऊ मिळतो, लसीकरणाकडेही लक्ष असतं. घराजवळची अंगणवाडी नीट चालत असेल तर ती जाऊन बघायला काहीच हरकत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा नातू जातो आणि गाणी आमच्या लेकीपेक्षा जास्त म्हणतो.

तक्रारी दोन. पहिली स्नेहसंमेलनाची. आषाढीची दिंडी, नवरात्रातला भोंडला, संक्रांतीचा तिळगूळ हे सगळं सुंदर झालं, मुलं त्यात रमली, खर्चही नगण्य होता. संमेलनाच्या नाचासाठी मात्र महिनाभर तालीम, रोजचा खेळ बंद, वर भाड्याचा पोशाख. मुलं दमून चिडचिडी झाली. एवढी शहाणी बालवाडी हे का करते ते मला समजत नाही, आणि मी तसं लेखी कळवलंय. दुसरी तक्रार व्हॅनची. ती शाळेची नव्हती, खाजगी होती. काका प्रेमळ होते, पण सीटच्या मानाने मुलं जास्त भरायचे. दोनदा सांगून फरक पडला नाही तेव्हा आम्ही ती बंद केली.

पहिलीच्या प्रवेशाबद्दल एवढंच: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार शाळेला मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. तरीही ‘जरा गप्पा मारायच्या आहेत’ म्हणून बोलावणारे असतातच. आम्ही अशा एका ठिकाणी गेलोच नाही. लेक ज्या शाळेत जाणार आहे तिथे तिला काहीही विचारलं नाही, फक्त मैदान दाखवलं आणि तिथल्या झोपाळ्यावर बसू दिलं.

बालवाडी निवडताना शाळा चालू असताना वर्गात डोकावायची परवानगी मागा. मुलं जमिनीवर काहीतरी करत असतील, थोडा गलका असेल आणि ताई खाली बसलेल्या असतील तर नाव घाला. सगळे बाकांवर हाताची घडी घालून बसलेले दिसले तर दुसरीकडे बघा. शौचालय आणि पिण्याच्या पाण्याची जागाही बघून या, हॉलमधले रंगीत फलक नंतर बघितले तरी चालतील.

धाकट्याचं नाव लहान गटासाठी तिथेच नोंदवलंय. व्हॅन यंदा नाहीच. बिल्डिंगमधल्या आणखी दोन घरांशी बोलणं झालंय, आळीपाळीने सोडायचं आणि आणायचं असं ठरतंय.