अकरा महिने कानात बोळे: विमानं, ढोल आणि बुलेट

गेल्या चैत्रात एका रात्री लाइट गेली. पंखा थांबला, गल्ली शांत झाली आणि मी बायकोला म्हणालो, "आज रातकिडे लई ओरडायलेत." ती म्हणाली, "कुठं? मला तर एकबी ऐकू येईना."

रातकिडा माझ्याच कानात होता. त्याआधी महिनाभरात लातूरच्या मोंढ्यात, आमच्या आडतीवर, मी दोनदा 'सहा कट्टे'चे 'दहा कट्टे' लिहिले होते आणि खापर हमालांच्या कलकलाटावर फोडलं होतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख हातात दिला. ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेलेली, ८००० पाशी थोडी वर आलेली. "मोठ्या आवाजात काय करता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. काय करत नाही म्हणून विचारा! नऊ वर्षं दर रविवारी इंजिनावरची रिमोटची विमानं उडवतो. गणपतीत ढोल वाजवतो. घरी बुलेट आहे. डॉक्टर म्हणाले, आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, आणि मोठ्या आवाजानं आधी याच पट्टीतल्या जातात. 'स'चा सुसकारा उंच पट्टीतला, म्हणून सहाचे दहा.

गेल्या मे महिन्यापासून तीन वस्तू वापरतोय.

पहिली सगळ्यात स्वस्त. थ्रीएमचे नारिंगी फोमचे बोळे, ११०० नंबरचे. पहिले दोन महिने मी ते चुकीचे घालत होतो आणि "काही फरक नाही राव" म्हणून सांगत फिरत होतो. बाटलीला बूच लावावं तसा अर्धा बोळा कानावर दाबून काही होत नाही. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला का हे बघायला गोंगाटात दोन्ही तळवे कानांवर झाका. आवाज आणखी बराच कमी झाला तर बोळा बसलेला नाही. कापसाचे बोळे घालणाऱ्यांनी कापूस समईसाठी ठेवावा.

डबीवर एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलनं कमी होतो त्याचा आकडा, २९ लिहिलंय. ते बघून हुरळू नका, तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या ओशाचा हिशोब असा: त्यातून ७ वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा. म्हणजे ११. नीट बसवला तर जास्त मिळतं, पण मी अकराच धरून चालतो. आता दुसरा हिशोब. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. माझं ग्लो इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे मारतं आणि त्याची सुई (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) जुळवताना माझं डोकं हातभर लांब. फोनवरच्या अ‍ॅपनं तिथं शंभरीच्या वर दाखवलं (फोनचा माईक काही मोजमापाचं यंत्र नव्हे, पण अंदाज येतो). नऊ वर्षं एरंडेल तेलाचा धूर हुंगत मी तिथं उघड्या कानांनी उकिडवा बसत होतो.

दुसरी वस्तू कानावरचे मोठे मफ, एनआरआर ३१. सगळ्यात महाग आणि सगळ्यात निराशा करणारे. त्यात मफचा दोष कमी, माझा जास्त. एक तर मला चष्मा आहे. चष्म्याच्या दांडीनं गादी आणि कातडी यांच्यात फट राहते आणि आवाज तिथूनच शिरतो. बारीक दांडीची फ्रेम केली तेव्हा फरक पडला. दुसरं म्हणजे लातूरचा मे. पाहुण्यांच्या पडीक रानात उडवतो, तिथं सकाळी नऊलाच कानाभोवती घामाच्या धारा. आणि तिसरं, सोयाबीन निघाल्यावरच्या पहिल्याच रविवारी माझं विमान पडलं. इंजिन बंद पडायच्या आधी त्याचा सूर बदलतो, ते आम्ही कानानंच ओळखतो. मफमध्ये मला कळलंच नाही. जास्त आकड्याचं घ्यावं हे इथं खरं नाही. आता सुई जुळवताना बोळे, आणि उडवताना लांब उभं राहून हलके मफ.

पण मफचा खरा तोटा वेगळाच. ते काढायला सोपे. कुणी हाक मारली की वर सरकवले, बोललो, पुन्हा खाली. दहातलं एक मिनिट जरी कान उघडा राहिला, तरी कितीही भारी वस्तू असली तरी एकूण फायदा १० डेसिबलच्या वर जात नाही. निम्मा वेळ काढलं तर फक्त ३. मला हे तीनदा समजावून घ्यावं लागलं. व्याजाचा हिशोब करणाऱ्या माणसाला! म्हणून आता आमच्या मैदानावर इंजिन चालू असेल तोवर हातवारे. बोलायचं असलं तर आधी इंजिन बंद.

माझा भाचा विमान शिकतोय, चार सीटच्या सेस्नावर. त्याच्या हेडसेटचं मला कौतुक वाटायचं: आतलं सर्किट इंजिनाच्या घरघरीच्या उलट लाट सोडून ती मारतं. पहिला असा हेडसेट बोसनं १९८९ मध्ये वैमानिकांसाठी विकायला काढला. मग मी तसलाच गाणी ऐकायचा हेडफोन मैदानावर लावून बघितला. घरघर गेली, कर्कश भाग तसाच राहिला. खोक्यावर एनआरआरचा आकडाच नव्हता. वैमानिकांच्या हेडसेटला जाड कप असतात, ते निम्मं काम करतात, हे भाच्यानं नंतर हसत सांगितलं.

तिसरी वस्तू माझी सगळ्यात लाडकी. एटिमोटिकचे रबरी झिरमिळ्यांचे प्लग, आत गाळणी असलेले. गणपतीच्या सरावात पहिल्या दिवशी फोमचे बोळे घातले तर ढोल पोत्यात वाजल्यासारखा आणि ताशा गायब. ताशावर तर आमचा हात पडतो, मग सगळा ठेका सुटला, पोरं हसायला लागली. या प्लगनं सगळ्याच पट्ट्या जवळपास सारख्या खाली येतात. ताशा ताशासारखाच, पण दोन गल्ल्या पलीकडून आल्यासारखा. आकडा लहान आहे, म्हणून इंजिनाजवळ हे नाहीत. आणि मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढं कुठलाच प्लग घालून उभं राहू नका, तिथून सरळ निघा.

बुलेटचं थोडक्यात: माझा समज होता सायलेन्सर त्रास देतो. नांदेडच्या रस्त्यावर वेग वाढला की हेल्मेटातलं वारंच जास्त घोंगावतं. फोम घालतो, हॉर्न ऐकू येतो.

परवा पुन्हा तपासणी केली. खड्डा तेवढाच आहे, वाढला नाही. रातकिडा आहे तिथंच आहे, झोपताना पंखा लावून ठेवतो. ज्यांच्या रानात उडवतो त्या पाहुण्यांचा पोरगा मळणी यंत्रावर असतो. त्याला बोळ्यांच्या दोन जोड्या दिल्या होत्या, वात कशी वळायची तेही दाखवलं होतं. त्याचा फोन आला, "दाजी, पुढच्या हंगामाला डबाच आणा. मजूरबी मागायलेत."