बक्षीस, खरेदीची हमी की थेट पैसा?

समाजाला हवा असलेला शोध लवकर लागावा म्हणून बाजूला काढलेली रक्कम बक्षीस म्हणून जाहीर करावी, शोध लागल्यावर माल विकत घेण्याची हमी द्यावी, की संशोधकाच्या हाती आधीच ठेवावी, असा प्रश्न एखाद्या न्यासाच्या विश्वस्तांपुढे आला, तर यश येईपर्यंतचा खर्च कोण सोसणार आणि यश आले हे कोण ठरवणार, या दोन कसोट्यांवर तिन्ही वाटा पारखाव्यात.

ब्रिटनने १७१४ च्या कायद्याने समुद्रात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत काढून दाखवणाऱ्याला २०,००० पौंड देऊ केले. हे कोडे सुतारकाम करणाऱ्या जॉन हॅरिसनने समुद्रातही अचूक वेळ दाखवणाऱ्या घड्याळाने सोडवले, आणि अशा अनपेक्षित माणसापर्यंत पोहोचणे हेच बक्षिसाचे बळ आहे. १७६१ मध्ये जमैकाला निघालेल्या जहाजावर त्याचे चौथे घड्याळ, रोजचा ठरावीक फरक वजा जाता, ८१ दिवसांत जेमतेम ५ सेकंद मागे पडले. मात्र निवाडा करणाऱ्या मंडळात चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याचा आग्रह धरणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांचे वजन असल्याने अटी वाढत गेल्या, आणि शेवटची मोठी रक्कम संसदेने १७७३ मध्ये, त्याच्या वयाच्या ८० व्या वर्षी मंजूर केली. मधल्या काळात मंडळाने वेळोवेळी उचल दिली नसती, तर नुसत्या बक्षिसाच्या आशेवर तो तगला असता, असे मला वाटत नाही.

खरेदीच्या हमीसाठी पत मोठी लागते. न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूविरुद्धच्या न्यूमोकॉकल लशीसाठी २००९ मध्ये पाच देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून १.५ अब्ज डॉलर बांधून ठेवले. पहिल्या दोन पुरवठादारांच्या लशी तेव्हा आधीच बऱ्याच पुढे गेलेल्या होत्या. त्यामुळे हमीने उत्पादन वाढवले, नवा शोध फारसा घडवला नाही.

आफ्रिकेतील 'अ' गटाच्या मेंदूज्वराची लस तिसऱ्या वाटेने आली, आणि माझे मत हिच्याच बाजूने आहे. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी हवी, ही अट आधी ठरली, २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले, तंत्र अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळेकडून मिळाले आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना नेता येईल, अशीही मान्यता मिळाली; जिथे बर्फच मिळत नाही, तिथल्या आरोग्यसेवकासाठी हा गुण किमतीइतकाच मोलाचा होता.

ही वाट निवडायची तर तंत्र निदान अंधूक तरी हाती असावे लागते. ते नसेल आणि कसोटी कोणालाही तपासता येण्याजोगी असेल, तर बक्षीस ठेवावे. कांदाचाळीत सड रोखण्याचा उपाय शोधायचा असेल, तर कांदा भरताना आणि चार महिन्यांनी काढताना शेतकऱ्यांसमोर वजन करावे, आणि वजनकाट्याची अट पहिल्याच जाहिरातीत छापावी.