कोपराचं जॉइंट रिप्लेसमेंट, बडोदा : ५ पैकी ४ स्टार
गुडघा बदललेले लोक इथल्या दांडिया बाजार भागात घरोघर सापडतात पण कोपर बदललेलं कुणी आम्हाला भेटलंच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पेशंट माझी आत्या, बरीच वर्षं आमवात म्हणजे आरए. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे.

सर्जनना फुल मार्क्स. गोड गोड न बोलता काय बिघडू शकतं तेच आधी सांगितलं. कोपरावर मांस जवळजवळ नाहीच, हाडावर नुसती कातडी, आरएवाल्यांची तीही स्टेरॉइडनी पातळ झालेली, म्हणून गुडघ्या-खुब्यापेक्षा इथे इन्फेक्शनची भीती जास्त. अल्नर नर्व्ह म्हणजे करंगळीकडे जाणारी नस कोपराला अगदी चिकटून जाते त्यामुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊ शकतं, ट्रायसेप्स म्हणजे हात सरळ करणारा दंडामागचा स्नायू कमजोर पडू शकतो, आणि सिमेंटनी बसवलेला सांधा पुढेमागे सैल झाला तर परत ऑपरेशन. पण फ्रॅक्चरमुळे बसवतात त्यांच्यापेक्षा आरए पेशंटचा सांधा जास्त टिकतो म्हणे, हात कमी राबतो ना, बहुतेकांचा १० वर्षांनीही नीट चालतो. भुलीच्या आधी मानेचा एक्सरे काढायला लावला, आम्ही म्हटलं कोपराला मान कशाला, तर आरएमध्ये मानेचे वरचे मणके सरकलेले असू शकतात आणि श्वासाची नळी घालताना मान वाकवली की मज्जारज्जूला धोका! आरएच्या औषधांपैकी बायोलॉजिकचं इंजेक्शन थांबवलं, मेथोट्रेक्सेट चालू ठेवली.

रिझल्ट मस्त. दुखणं गेलं, स्वतःची वेणी स्वतः घालते, सेवउसळ चमच्यानी न सांडता खाते. हात पूर्ण सरळ होत नाही, पण ३० ते १३० अंशांत रोजचं सगळं भागतं असं सांगितलेलं ते खरं निघालं. करंगळीला अजून झिणझिण्या येतात, ब्लाउजचा हुक लावताना चिमटीत जोर येत नाही.

एक स्टार कापला तो डिस्चार्जसाठी. फाइल ही जाडजूड, त्यात बिलं आणि गोळ्यांचे टाइम, आणि सिस्टर काय तर "बा, हवे आराम करजो" (आता आराम करा). त्या हातानी एका वेळी फार तर ५ किलो आणि परत परत उचलायचं असेल तर १ किलोच, तेही जन्मभर, हे कुठेच लिहिलेलं नाही! फिजिओवाल्या ताईंकडून कळलं, तोवर बाई भरलेला कुकर उतरवत होत्या. शिवाय सुरुवातीला त्या हातावर रेटा द्यायचा नाही, आणि आरएवाल्यांचे गुडघेही गेलेले असतात, ते उठतात कशावर, खुर्चीच्या हातांवर जोर देऊनच ना? शेवटी आम्हीच कमोडला उंच सीट लावली, खुर्चीखाली ठोकळे घातले.

जाणार असाल तर वजनाचं आणि उठण्याबसण्याचं डिस्चार्जच्या दिवशीच लिहून मागा, आणि मेडिक्लेमच्या झेरॉक्स घरूनच न्या, तिथलं मशीन कायम बंद.