‘दीज ओल्ड शेड्स’ आधी वाचावी की ‘द मास्करेडर्स’?

इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरची एकच कादंबरी आधी वाचायची आहे, तीही वेषांतराची, ओळखीच्या घोटाळ्याची, असं कुणी म्हटलं की बहुतेक जण ‘दीज ओल्ड शेड्स’ पुढे करतात. १९२६ची ही कादंबरी इतकी वाचली गेली की त्यातल्या घराण्याची पुढची पिढी घेऊन हेयरनं १९३२ मध्ये आणखी एक कादंबरी लिहिली. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये आलेल्या ‘द मास्करेडर्स’चं नाव मात्र मागाहून, जरा चाचरत घेतलं जातं. दोन्हींत पुरुषाच्या कपड्यांतली मुलगी आहे, दोन्ही अठराव्या शतकाच्या मध्यावर घडतात, दोन्हींत सरदार घराण्याच्या खऱ्या वारसाचा प्रश्न आहे. तरीही एक आवडली म्हणून दुसरी आवडेलच असं नाही. आमच्या वाचनगटात याच दोन पुस्तकांवरून दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत. दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकून आणि दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचून माझं मत बनलं आहे, ते इथे मांडते. शेवट सांगणार नाही, पण मधली काही वळणं सांगितल्याशिवाय तुलना होणार नाही.

वेषांतराच्या प्रेमकथेत सोंग किती बेमालूम वठलं याला मी फार महत्त्व देत नाही. सोंगामागचं माणूस आधी कुणाला ओळखू येतं, आणि ओळखल्यावर तो त्या ज्ञानाचं काय करतो, हे मी बघते. या दोन कादंबऱ्या नेमक्या इथेच वेगळ्या होतात.

‘दीज ओल्ड शेड्स’ सुरू होते पॅरिसमध्ये, पंधराव्या लुईच्या काळात. एव्हनचा ड्यूक, जस्टिन अ‍ॅलस्टेअर, बदनाम, श्रीमंत आणि थंड डोक्याचा माणूस. रात्री रस्त्यानं जाताना मार खाऊन पळणारं एक पोर त्याच्या अंगावर येऊन आदळतं. लाल केस, काळ्याभोर भुवया. ड्यूक अंगावरचं एक रत्न देऊन त्या पोराला त्याच्या भावाकडून विकत घेतो आणि आपल्या पदरी ठेवतो. लेऑन हा मुलगा खरं तर लेओनी ही मुलगी आहे हे वाचकाला लवकरच कळतं. पण तिचे केस आणि भुवया एका फ्रेंच उमरावाच्या घराण्याची खूण आहेत, आणि त्या उमरावाशी ड्यूकचं जुनं वैर आहे. तिथून गोष्ट वेग घेते: व्हर्साय, इंग्लंडातला वाडा, अपहरण, पाठलाग, आणि शेवटी मादाम दु देफांच्या सलोनमध्ये, म्हणजे तिच्या घरी भरणाऱ्या उच्चभ्रूंच्या बैठकीत, भर मैफलीत होणारा हिशेब.

या पुस्तकाच्या बाजूनं बोलणारे वाचक त्या मैफलीच्या प्रकरणाबद्दल भरभरून बोलतात, आणि त्यात काही चूक नाही. आवाज न चढवता, एक गोष्ट सांगतो आहे अशा थाटात ड्यूक समोरच्याला कोपऱ्यात रेटत नेतो. ते वाचताना दुसरीकडे लक्ष जात नाही. ड्यूकचा धाकटा भाऊ रूपर्ट हाही सगळ्यांचा लाडका, उतावळा आणि दिलदार. संवाद चटपटीत आहेत आणि एक प्रकरण संपलं की पुढचं उघडल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गटातल्या एकीनं हे पुस्तक इस्पितळात आईच्या उशाशी बसून दोन रात्रींत संपवलं. ती म्हणाली, त्या दोन रात्री मी तिथे नव्हतेच, पॅरिसमध्ये होते. एखाद्या पुस्तकासाठी याहून मोठी पावती मला माहीत नाही.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला वयाचा. ड्यूक चाळिशीचा, लेओनी जेमतेम विशीची. तो तिला लहान पोरीसारखं संबोधतो, ती त्याला देव मानते. त्यातही मला जास्त खुपलं ते हे की ती मुलगी आहे हे त्यानं केव्हाच ओळखलेलं असतं, पण सोयीस्कर वेळ येईपर्यंत तो ते मनातच ठेवतो. तिचं गुपित त्याच्या हातातलं प्यादं होतं. पुढे तो बदलतो, तिच्यासाठी बदलतो, आणि ते हेयरनं मनापासून लिहिलंय. तरी सुरुवातीचं ते पारडं शेवटपर्यंत पुरतं समतोल होत नाही.

दुसरा आक्षेप रक्ताचा. गुत्त्यात वाढलेली उच्चकुलीन मुलगी पहिल्याच संधीला दरबारी डौलात वावरते, आणि तिच्या जागी वाड्यात वाढलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला मात्र शेतीचीच ओढ लागते. इंग्रज वाचक हे त्या काळाचं म्हणून पुष्कळदा सोडून देतात. मला सोडता आलं नाही. माणसाची लायकी जन्मानं ठरते हे ज्या समाजानं शतकानुशतकं ऐकलं आणि भोगलं, त्यातल्या वाचकाला हे टोचणारच. गटातल्या दोघींनी या एका कारणासाठी पुस्तक मध्येच ठेवलं, आणि त्यांचा निर्णय मला पटतो.

‘द मास्करेडर्स’कडे येताना आपल्याला एक शब्द आधीच ठाऊक असतो, तो म्हणजे तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, माणसं त्याच्यामागे गेली, आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड होऊन ते प्रकरण संपलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई तेव्हाही पती परत येईल या आशेवर होत्या. त्यामुळे ‘मीच तो’ म्हणत एखादा माणूस दारात आला की आपण हसत नाही. त्या वाक्यावर किती जीव टांगलेले असतात ते आपल्याला माहीत असतं. या कादंबरीत असाच एक म्हातारा आहे. आयुष्यभर नावं बदलत युरोपभर फिरलेला हा माणूस एक दिवस लंडनमध्ये येऊन सांगतो की बार्हमचा खरा व्हायकाउंट, म्हणजे त्या सरदारकीचा वारस, मीच. तो तोतया आहे की खरा, हे त्याच्या पोटच्या मुलांनाही ठाऊक नाही. हा धागा मराठी वाचकाला इतरांपेक्षा जास्त ताणून धरतो असा माझा अनुभव आहे.

त्याची ही दोन मुलं म्हणजे प्रूडन्स आणि रॉबिन. काळ १७४६चा. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूनं झालेलं बंड कलोडेनच्या लढाईत चिरडलं गेलंय. लंडनमध्ये बंडखोरांना देहदंड दिले जात आहेत, टेम्पल बारच्या वेशीवर मुंडकी लावली आहेत. रॉबिन त्या बंडात होता, म्हणून जीव वाचवायला दोघांनी वेष बदलले: उंच, शांत प्रूडन्स झाली पीटर मेरियट आणि ठेंगणा, देखणा रॉबिन झाला त्याची बहीण केट. वाटेतल्या एका सराईत दोघं लेटी नावाच्या मुलीला एका लबाड माणसाच्या तावडीतून सोडवतात, आणि तिथेच सर अँथनी फॅन्शॉशी गाठ पडते. धिप्पाड, सुस्त वाटणारा, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा गृहस्थ. प्रूडन्स त्याला मनात डोंगरच म्हणते.

सर अँथनी हाच या पुस्तकाचा वादाचा मुद्दा. एका तटाचं म्हणणं, हा नायक झोपाळू आहे, शंभर पानं झाली तरी काही करत नाही. माझं म्हणणं, तो त्या शंभर पानांत बघत असतो. त्याला पीटर नावाचा हा तरुण आवडतो, घरी बोलावतो, गप्पा मारतो, आणि हळूहळू काही तरी जुळत नाही हे त्याच्या ध्यानात येतं. ओळख पटल्यावर तो गाजावाजा करत नाही, जाब विचारत नाही, सापळाही लावत नाही. पीटरला एका तलवारबाजाशी द्वंद्व करायची वेळ येते, तेव्हा हा सुस्त माणूस त्याच तलवारबाजाशी मुद्दाम भांडण उकरून काढतो आणि आपण आधी लढून मोकळा होतो. का, ते कुणाला सांगत नाही. ते प्रकरण मी तीनदा वाचलं. एखाद्याचं गुपित कळल्यावर त्या गुपिताची राखण करणं, यापेक्षा मोठं प्रेमाचं निवेदन मला हेयरमध्ये सापडलेलं नाही.

आणखी एक तुलना इथेच करते. दोन्ही नायिकांना आपण समोरच्या माणसाच्या तोलाच्या नाही असं वाटतं. लेओनी कुणाला न सांगता निघून जाते. प्रूडन्स त्याच्यासमोर उभी राहून सांगते की वडिलांचा निकाल लागेपर्यंत मी तुमच्याशी लग्न करणार नाही. दोघींवर लेखिकेचं प्रेम सारखंच असेल, पण मोठी झालेली बाई मला प्रूडन्सच वाटली.

तरी हे पुस्तक निर्दोष नाही. त्यातली दुसरी प्रेमकथा बघा. रॉबिन केट होऊन लेटीची जिवलग मैत्रीण बनतो, तिच्या मनातलं सगळं ऐकतो, आणि मुखवट्याच्या नाचात अनोळखी पुरुष म्हणून तिलाच भुलवतो. लेटीनं जे मैत्रिणीला सांगितलं ते प्रियकराच्या कानी गेलं, आणि तिला पत्ता नाही. हेयर हे खेळकरपणे लिहिते, बरेच वाचक खेळकरपणे घेतातही. मला ते जड गेलं. सर अँथनीचा संयम ज्या पुस्तकात आहे त्याच पुस्तकात हेही आहे, ही गोष्ट मात्र गटातल्या चर्चेसाठी फार चांगली ठरली. त्या दिवशी आम्ही चहा थंड होईपर्यंत बोलत होतो.

भाषेचं सांगायला हवं, कारण पुस्तक अर्ध्यात सुटतं ते बहुधा यामुळेच. ‘दीज ओल्ड शेड्स’चं इंग्रजी त्यामानानं सोपं, अधूनमधून फ्रेंच शब्द येतात पण अडत नाही. ‘द मास्करेडर्स’ अठराव्या शतकाच्या बोलीची नक्कल करत सुरू होते, आणि हेयर काहीच समजावून सांगत नाही. कोण स्त्री, कोण पुरुष, कुणाचं खरं नाव कोणतं, याचा पहिल्या प्रकरणात पत्ता लागत नाही. कधी रॉबिनला ‘ती’, कधी ‘तो’. मराठीत बखर पहिल्यांदा उघडल्यावर जसं होतं, वाक्य कळतं पण माणसं कळत नाहीत, तसं. एका कागदावर चार नावं लिहून ठेवा: प्रूडन्स म्हणजे पीटर, रॉबिन म्हणजे केट. एवढ्यानं भागतं.

मग कुणी काय घ्यावं? प्रवासात, आजारपणात, मन दुसरीकडे न्यायचं असेल तर ‘दीज ओल्ड शेड्स’. वयाचं अंतर आणि रक्ताचा मुद्दा यांनी तुमचं मन उडणार नाही, याची खात्री असेल तरच. ज्यांना हळूहळू उमलणारं आवडतं, ज्यांना नायक-नायिका बरोबरीचे हवेत, त्यांनी ‘द मास्करेडर्स’ घ्यावी. इतिहासाची गोडी असलेल्यांनीही हीच, कारण इथे सोंग उघडं पडलं तर फास आहे आणि तो धोका पानापानांत जाणवतो. मला एकच ठेवायला सांगितलं तर मी हीच ठेवेन.

ज्यांना दोन्हींचा बेत पटत नाही त्यांच्यासाठी हेयरच्याच आणखी दोन आहेत. १९४०ची ‘द कोरिंथियन’ सर्वांत हलकीफुलकी. खिडकीतून चादरीला लटकत पळणारी मुलगी मुलाच्या कपड्यांत आहे हे नायकाला पहिल्याच भेटीत कळतं, त्यामुळे दोघांमध्ये फसवणूक नाही, जे काही आहे ते जगाशी. एका दुपारी वाचून होते. १९६३ची ‘फॉल्स कलर्स’ जुळ्या भावांची. वॉटर्लूनंतर दोन वर्षांनी, व्हिएन्नात राजनैतिक नोकरीत असलेला किट घरी येतो तर भाऊ बेपत्ता, आणि कर्जात बुडालेल्या आईखातर एका रात्रीपुरतं भाऊ म्हणून ज्या मुलीशी भावाचं लग्न ठरू घातलंय तिच्या घरी जेवायला बसतो. जुळ्यांचा घोटाळा म्हटल्यावर धावपळ अपेक्षित असते, ती इथे फारशी नाही, आणि उत्तरार्ध रेंगाळतो अशी तक्रार वाचक करतात ती रास्त आहे. पण आईचं पात्र अप्रतिम आहे, उधळी आणि मायाळू, तिच्यावर रागावता येत नाही. आणि इथे ओळखते ती मुलगी, क्रेसी. समोर बसलेला माणूस तो नव्हे हे ती स्वतःच्या नजरेनं ताडते. चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींना मी बहुतेक वेळा हीच देते.

‘द मास्करेडर्स’ घेतलीत तर एकच विनंती. पहिल्या चाळीस पानांवर पुस्तक बंद करू नका. सर अँथनी पीटरला घरी जेवायला बोलावतो तिथपर्यंत जा. तिथे दोघंच समोरासमोर बसतात, आणि तो तिच्याकडे कसा बघतो ते वाचा.