ठाण्यातला हर्डल्सचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) क्लास, ३ महिन्यांनंतर

पोरीला क्लासला टाकलं तर पहिला महिना एकही हर्डल नाही, नुसतं कंबर मोकळी करणं नि भिंतीला हात टेकून मागचा पाय फिरवणं, म्हटलं फी बुडाली. मग सरांनी समजावलं, महिलांच्या १०० मीटरला १० हर्डल, मधे साडेआठ मीटर, तेवढ्यात तीनच पावलं, एक चुकलं की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून आधी ताल अंगात मुरवायचा. तो अमेरिकेचा हर्डलर एडविन मोझेस ४०० मीटरला दोन हर्डलमधे १३ पावलं शेवटपर्यंत टिकवायचा, १९७७ ते १९८७ सलग १२२ शर्यती जिंकला! आता ही बया गुडघा सोलवटला तरी परत स्टार्टला जाते. फक्त घोडबंदरवरून पहाटे साडेपाचला पोचायचं म्हणजे शिस्त आमचीच लागते, आणि पाण्याची सोय शून्य.