विज्ञानदिनाच्या दालनातला यंत्रमानव: नाओ की पेपर, आणि त्याचे ॲप कसे बांधावे

फेब्रुवारी जवळ आला की विद्यापीठांच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विभागांत तयारीला वेग येतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आपले आवार सर्वांसाठी खुले करते, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रदर्शनात खेड्यापाड्यांतल्या शाळांची मुले येतात, आणि त्याच धर्तीवर लहानमोठी महाविद्यालयेही आपल्या प्रयोगशाळांची दारे उघडतात. एखाद्या विभागाकडे मानवसदृश रोबो असेल, तर त्या दिवशीची सर्वांत लांब रांग त्याच्यापुढेच लागते. रोबो कोणता वापरायचा, त्याचे ॲप कोणत्या साधनाने लिहायचे आणि त्याने मुलांशी कसे बोलायचे, हे ज्यांना येत्या काही आठवड्यांत ठरवायचे आहे, त्या प्राध्यापकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी हा आढावा आहे.

मोजपट्टी मी एकच ठेवली आहे. चाळीसेक मुलांची एक तुकडी आणि तिच्यासोबतच्या बाई किंवा सर दालनात येतात. त्यांच्या वाट्याला पाच-सहा मिनिटे येतात. शेजारच्या दालनात ध्वनिक्षेपक सुरू असतो. मुले मराठीत प्रश्न विचारतात. आणि पुढची तुकडी दारात ताटकळत उभी असते. प्रयोगशाळेच्या शांततेत सुरेख चालणारी गोष्ट या परिस्थितीत टिकेलच असे नाही, आणि निवड चुकते ती बहुधा इथेच.

नाओ आणि पेपर

नाओ आणि पेपर हे दोन्ही मानवसदृश रोबो मूळच्या पॅरिसच्या आल्देबारान कंपनीचे. नाओ आधीचा. २००८ पासून रोबोकप फुटबॉलच्या एका गटात सोनीच्या आयबो कुत्र्याची जागा त्याने घेतली आणि त्यानंतर तो जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. त्याची उंची सुमारे ५८ सेंटिमीटर, वजन साडेपाच किलोच्या आसपास, आणि स्वतंत्रपणे हलणारे सांधे २५. पेपर २०१४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने लोकांपुढे आणला; आल्देबारान तेव्हा तिच्याच ताब्यात होती. तो सुमारे १२० सेंटिमीटर उंच आणि २८ किलो वजनाचा आहे, पायांऐवजी चाकांवर सरकतो, आणि त्याच्या छातीवर टॅब्लेट बसवलेला आहे.

नाओ दोन पायांवर चालतो, आणि मुलांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो त्याच चालण्याला. मात्र तो इतका लहान आहे की जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेपलीकडे कोणालाच दिसत नाही, आणि टेबलावर ठेवला तर टेबलाची कड कुठे संपते हे त्याला कळत नाही. सतरंजीवर किंवा सैल गालिच्यावर त्याचे पाऊल अडते आणि तो तोंडावर पडतो. पडल्यावर तो स्वतः उठू शकतो, आणि मुलांना तेही फार आवडते. पण दिवसातून दहा वेळा पडणाऱ्या रोबोच्या सांध्यांचे काय होते, हे दुरुस्तीचे बिल हातात आल्यावरच समजते. म्हणून नाओ टेबलावर असेल तर ॲपमधून चालण्याची आज्ञाच काढून टाकावी. चालणे दाखवायचेच असेल, तर जमिनीवर कडक पाट्यांचा छोटा चौक आखून मुलांना भोवती गोलात बसवावे.

पेपर सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा उंच असल्यामुळे मागच्या रांगेतूनही दिसतो. तो एका जागी उभा राहून हातवारे करत बोलतो, आणि प्रश्न-उत्तरांना छातीवरच्या पडद्याची जोड मिळते. बॅटरीच्या बाबतीत दोघांची तुलनाच होऊ शकत नाही: नाओ तासाभरात, फार तर दीड तासात थकतो, तर पेपर एका चार्जिंगवर दिवसाचा बराचसा भाग काढतो. पेपरची एक खोड मात्र आधीच माहीत असलेली बरी. त्याची चार्जिंगची झडप उघडी असेपर्यंत चाके फिरत नाहीत, त्यामुळे वायर लावलेल्या पेपरकडून फिरण्याची अपेक्षा ठेवू नये. नाओचे वेगळे दुखणे म्हणजे सांध्यांच्या मोटारी तापतात, विशेषतः सतत उभे ठेवल्यास किंवा हात वर धरायला लावल्यास. दोन तुकड्यांच्या मध्ये त्याला आपोआप उकिडवे बसवणारा विसावा ॲपमध्येच लिहून ठेवला, तर दुपारनंतर तो साथ सोडत नाही. नेण्या-आणण्यात नाओ सरस आहे, कारण तो मांडीवर घेऊन रिक्षातून नेता येतो. पेपरला खोके, दोन माणसे आणि छोटा टेम्पो लागतो.

नव्याने खरेदी करणाऱ्यांनी कंपनीचा इतिहासही विचारात घ्यावा. सॉफ्टबँकेकडून ही कंपनी २०२२ मध्ये जर्मनीच्या युनायटेड रोबोटिक्स ग्रुपकडे गेली, २०२५ च्या जूनमध्ये ती दिवाळखोरीत निघून गुंडाळली गेली, आणि त्यानंतर तिची मालमत्ता एका चिनी कंपनीने घेतली. पेपरचे उत्पादन तर २०२० मध्येच थांबले होते. त्यामुळे आज यांपैकी कोणताही रोबो घेताना बॅटरी आणि सुटे भाग मिळण्याची लेखी हमी मागावी. ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे, त्यांनी प्रणालीच्या, साधनांच्या आणि दस्तऐवजांच्या प्रती आपल्याच डिस्कवर उतरवून ठेवाव्यात.

ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांनी इनमूव्हकडेही पाहावे. गाएल लांजव्हँ या फ्रेंच शिल्पकाराने २०१२ मध्ये सुरू केलेला हा माणसाएवढा रोबो त्रिमितीय छपाईने घरी बनवता येतो, आणि त्याचे सर्व आराखडे खुले आहेत. तो हळू हलतो आणि चालत नाही. पण ‘हा आमच्याच विद्यार्थ्यांनी बनवला’ हे वाक्य दहावीच्या मुलांना ज्या तऱ्हेने भिडते, तसे आयात केलेला कोणताही रोबो भिडत नाही. युनिट्री या चिनी कंपनीच्या जी-वन सारखे नवे, सुमारे ३५ किलोचे, चपळ रोबो लहान मुलांच्या घोळक्यात दोरीच्या कुंपणाबाहेर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲप लिहिण्याची तीन साधने

कोरेग्राफ या चित्ररूप साधनात चौकटी रेघांनी जोडून वर्तन बांधले जाते. प्रोग्रामिंग न येणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही एका दुपारी त्यात नाच बसवू शकतो. मात्र प्रश्नांच्या फांद्या वाढल्या की रेघांचा गुंता होतो, आणि चार जणांना एकाच प्रकल्पावर काम करणे अवघड जाते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने हे सुटते, कारण ॲप लॅपटॉपवर चालते आणि रोबोला फक्त आज्ञा पाठवते; अडचण अशी की रोबोला आज्ञा पाठवण्याचा कंपनीचा मूळ सॉफ्टवेअर-संच पायथन २.७ साठी आहे आणि त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. नव्या लॅपटॉपवर तो बसवण्यात एक दिवस जातो, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हा घाट घालू नये. तिसरा मार्ग अँड्रॉइडचा आणि तो फक्त पेपरसाठी आहे: रोबोच्या कार्यप्रणालीच्या २.९ आवृत्तीपासून पेपरचे ॲप अँड्रॉइड स्टुडिओत लिहावे लागते आणि पडद्यावरचे काम त्यात सर्वांत सुबक होते.

ज्यांचा पेपर अजून २.५ वर आहे आणि ज्यांची जुनी वर्तने कोरेग्राफमध्ये आहेत, त्यांनी केवळ नवे म्हणून २.९ वर जाऊ नये. ती वर्तने तिथे चालत नाहीत आणि परत फिरणे सोपे नाही. नाओ असेल तर माझी पसंती अशी: हालचाली कोरेग्राफमध्ये बांधाव्यात, त्यांना क्रमाने बोलावण्याचे काम पायथनकडे द्यावे, आणि मुलांसमोर स्टँडवर वेगळा साधा टॅब्लेट ठेवून त्यावर वेबपान दाखवावे.

कान, बोट की पडद्यामागचा माणूस

मुलाने बोलावे आणि रोबोने ऐकून उत्तर द्यावे, हे प्रत्येक आयोजकाचे स्वप्न असते आणि प्रत्यक्षात तेच सर्वांत आधी मोडते. आमच्या विभागाने पहिल्या वर्षी आवाज ओळखण्यावरच सगळी भिस्त ठेवली होती. पाचवीच्या एका मुलीने ‘तुझं नाव काय?’ असे विचारले. रोबो गप्प राहिला. मागून दहा जणांनी तोच प्रश्न ओरडून विचारला, तेव्हा त्याला शब्दच वेगळे काढता येईनात, आणि ती मुलगी आपलेच काही चुकले असे समजून बाईंकडे पाहू लागली. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. दोष तिचा मुळीच नव्हता. या रोबोंच्या अंगभूत भाषांत मराठी नाही, आणि गर्दीच्या गोंगाटात इंग्रजी शब्दही त्यांना नीट उमगत नाहीत.

दुसरा मार्ग बोटाचा. पडद्यावर सहा मोठी चित्रे, प्रत्येकाखाली मराठीत एक प्रश्न. मूल बोट लावते आणि रोबो त्याच्याकडे मान वळवून उत्तर देतो. यात चूक होत नाही, लाजरे मूलही पुढे येते, आणि एका तुकडीतल्या सहा जणांना तरी स्वतः काही करायला मिळते. उणीव एवढीच की मुलांची नजर रोबोवरून पडद्यावर जाते. त्यावर उपाय म्हणजे उत्तर सुरू होताच पडदा काळा करावा.

तिसरा मार्ग असा की बाजूला बसलेला विद्यार्थी प्रश्न ऐकतो आणि लॅपटॉपवरून योग्य उत्तर निवडतो. संवाद यात सर्वांत जिवंत होतो. परंतु विज्ञानाच्या कार्यक्रमात मुलांना ‘रोबोलाच सगळे समजले’ असे वाटू देणे मला पटत नाही. हा मार्ग निवडलात तर शेवटच्या मिनिटात त्या विद्यार्थ्याने हात वर करून आपण काय करत होतो ते सांगावे. ‘म्हणजे त्याला कळत नाही?’ या एका प्रश्नातून आठवीच्या मुलांशी होणारी चर्चा कोणत्याही नाचापेक्षा मोलाची ठरते.

चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-प्रतिमानाला रोबो जोडण्याचा मोह आता सर्वांनाच होतो. प्रयोगशाळेत जरूर जोडावा. दालनात मात्र इंटरनेटचा भरवसा नसतो, उत्तराला चार-पाच सेकंद लागले की मुले पांगतात, आणि रोबो काय बोलेल याची जबाबदारी कोणालाच घेता येत नाही. ३० डिसेंबर २०१७ रोजी आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये साडी नेसून आलेली सोफिया ही मानवसदृश रोबो तांत्रिक बिघाडामुळे भर सभागृहात काही वेळ गप्प झाली होती; तिथे मोठा तांत्रिक चमू हाताशी असूनही असे घडले, हे लक्षात ठेवावे.

मराठी आवाज

या भागावर आयोजक सर्वांत कमी वेळ देतात, आणि मुलांना सर्वांत जास्त जाणवतो तो हाच. रोबोच्या इंग्रजी आवाजाला रोमन लिपीतले मराठी दिले तर ‘नमस्कार’ कसाबसा निभावतो, पण ‘शाळा’ची ‘शाला’ होते आणि ‘ज्ञान’ ओळखू येत नाही. भाषिणी या भारतीय भाषांसाठीच्या सरकारी सेवेसारख्या सेवेतून मराठी ध्वनिफिती आधीच बनवून रोबोत साठवणे हा मधला मार्ग झाला; उच्चार स्पष्ट येतात आणि कार्यक्रमाच्या वेळी इंटरनेट लागत नाही. तरीही मी माणसाच्या आवाजाला झुकते माप देतो. आम्ही दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा आवाज वसतिगृहाच्या खोलीत, पंखा बंद करून, मोबाइलवर घेतला; प्रत्येक वाक्याची स्वतंत्र फाइल, एकही दहा सेकंदांहून मोठी नाही. यात कष्ट अधिक आहेत, कारण अंगभूत आवाज वापरला की रोबो मजकुरानुसार हातवारे आपणच जुळवतो, तर ध्वनिफितीसाठी ते हाताने बसवावे लागतात. बारा वाक्यांना आमचे दोन दिवस गेले.

मराठीत आणखी एक निर्णय टाळता येत नाही. ‘मी चालतो’ म्हणायचे की ‘मी चालते’? इंग्रजी संवाद लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. आपल्याकडे मात्र पहिल्याच वाक्याला क्रियापद लिंग मागते. आम्ही सगळे संवाद ‘मला चालता येतं’, ‘मला तुमचे चेहरे दिसतात’, ‘मला नाचायला आवडतं’ अशा वळणाने लिहिले, आणि ‘तू मुलगा आहेस की मुलगी?’ या हमखास प्रश्नाला ‘दोन्ही नाही, मी यंत्र आहे’ असे सरळ उत्तर ठेवले. रोबोने मुलांना ‘तुम्ही’ म्हणावे आणि मुलांनी त्याला ‘तू’ म्हणावे, हेही आधी ठरवून घेतले म्हणजे संवाद मध्येच कृत्रिम होत नाही.

नाओचा आवाज मोठ्या दालनात पुरत नाही, तेव्हा बाहेरचा स्पीकर लागतोच. तो रोबोच्या थेट मागे ठेवावा. कोपऱ्यात ठेवला की आवाज एकीकडून आणि हातवारे दुसरीकडे होतात, आणि लहान मुले आवाजाच्या दिशेने वळून पाहू लागतात.

निवड करताना

पेपर हाताशी असेल आणि कार्यक्रम एकाच इमारतीत दिवसभर चालणार असेल, तर पेपर, बोटाने चालणारे ॲप आणि ध्वनिमुद्रित मराठी, ही जुळणी निःसंकोच निवडावी. शाळाशाळांत जाऊन कार्यक्रम करायचे असतील तर नाओ, सोबत वेगळा टॅब्लेट आणि जादा बॅटरी. विद्यार्थ्यांनाच शिकवायचे असेल आणि हाताशी वर्षभराचा वेळ असेल, तर इनमूव्ह.

कोणताही रोबो निवडला तरी चेहरे ओळखून नावाने हाक मारण्याची सोय बंद ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. दारात उभ्या असलेल्या चाळीस मुलांच्या पालकांची संमती त्या क्षणी कोणीच मिळवू शकत नाही. चेहरा समोर आहे एवढे ओळखून मान वळवणे पुरेसे आहे, आणि त्यासाठी एकही छायाचित्र साठवावे लागत नाही.